चांदीचा तोल आणि मोल: सराफ्याची पायरी पहिल्यांदा चढताना

कापूस विकायला नेला की ओलावा बघतात. केळीच्या घडाला दांड्याचं वजन कापतात. धान्याला कडता लागतो. खानदेशातल्या माणसाला हा वजाबाकीचा व्यवहार शिकवावा लागत नाही, तो त्यात मुरलेला असतो. पण तोच माणूस आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीसाठी पैंजण घ्यायला जळगावच्या किंवा धुळ्याच्या सराफ्यात गेला की काट्यावरचा आकडा बघतो, पाटीवरचा भाव बघतो, गुणाकार करतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. चांदीलाही दांडा असतो आणि ओलावाही, हे तिथे लक्षात येत नाही.

चांदीच्या कुठल्याही वस्तूचं मोल तीन आकड्यांवर ठरतं: निव्वळ वजन, टंच म्हणजे शुद्धता, आणि त्या घटकेचा चोख चांदीचा भाव. पहिल्या दोहोंचा गुणाकार केला की वस्तूत शुद्ध चांदी किती ग्रॅम आहे ते कळतं. सराफ्यात त्याला ‘फाईन’ म्हणतात. नवख्यानं एकच सवय लावून घ्यावी: फाईनचे ग्रॅम निघाल्याशिवाय रुपयांवर बोलायचं नाही. घेताना, मोडताना, गहाण ठेवताना, भावाभावांत वाटणी करताना, सगळीकडे. पुढच्या पायऱ्या त्या एका आकड्यापर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: भार, तोळा आणि ग्रॅम यांचा घोळ मिटवा

चोपडा, यावल, शहादा, तळोदा अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत चांदी अजूनही भारात बोलली जाते. साठ भाराचे तोडे, शंभर भाराची सरी. भार म्हणजे रुपयाभार, इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या एका रुपयाचं वजन. १८३३ मध्ये तोळा या रुपयाच्या वजनाला, म्हणजे १८० ग्रेनला बांधला गेला. आजच्या मापात ते ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. खाली उतरलं तर तोळ्याचे १२ मासे आणि माशाच्या ८ गुंजा, म्हणून एक गुंज जेमतेम ०.१२ ग्रॅम.

मेट्रिक मापं आली आणि बाजारानं तोळा दहा ग्रॅमचा करून टाकला. त्याच्यामागे भारही दहा ग्रॅमवर आला. शब्द जुनाच राहिला, वजन मात्र बदललं. आजीच्या वहीत ‘तोडे १०० भार’ अशी नोंद असेल तर ती १,१६६ ग्रॅमची आहे. त्याच नोंदीचा हिशेब आज कुणी दहा ग्रॅमच्या भारानं मांडला तर १६६ ग्रॅम चांदी कागदावरच उडून जाते. वाटणीत आणि जुन्या गहाणवटीत निम्मे तंटे इथे होतात. तेव्हा भार, तोळा बोलायला खुशाल वापरा, लिहायला ग्रॅमच वापरा.

परदेशातले भाव ट्रॉय औंसात असतात. हा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा. स्वयंपाकाच्या पुस्तकातला २८.३५ ग्रॅमचा औंस वेगळा, दोहोंची गल्लत करू नका.

दुसरी पायरी: काटा बघा, मग वस्तू द्या

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून दर वर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. चालू सालाचं आहे का एवढं बघायला कुणाची परवानगी लागत नाही. चांदीसाठी काटा निदान ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. किराणा दुकानातल्या पाच ग्रॅमच्या टप्प्यानं सरकणाऱ्या काट्यावर चांदी तोलून घेणं म्हणजे गोणीच्या काट्यावर केशर तोलणं.

वस्तू ठेवण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. पडद्यावर शून्य आहे का, काटा समपातळीत आहे का (बहुतेक काट्यांना एक छोटा पाण्याचा बुडबुडा असतो, तो वर्तुळाच्या मधोमध हवा), आणि ताटली मोकळी आहे का. वस्तू एखाद्या डबीत किंवा मखमलीच्या ट्रेमध्ये ठेवून तोलणार असतील तर आधी रिकामी डबी ठेवून धडा करून घ्यायचा, म्हणजे ‘टेअर’चं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. घेताना बहुतेक ठिकाणी हे आपोआप होतं. मोडीच्या वेळी उलटी चूक होते: धडा मोठ्या डबीचा घेतलेला असतो, वस्तू छोट्या डबीत तोलली जाते आणि दोन डब्यांमधला फरक तुमच्या चांदीतून जातो. बहुतेकदा यात लबाडी नसते, घाई असते. नुकसान तेवढंच होतं.

खानदेशातला खास शत्रू म्हणजे पंखा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना दुकानात पंखा बंद करा म्हणणं जिवावर येतं, पण काचेचं झाकण नसलेल्या काट्यावर वाऱ्यानं शेवटचे आकडे नाचत राहतात. झाकण असेल तर लावायला सांगा, नसेल तर दहा सेकंद पंखा बंद. आकडा स्थिर झाल्यावरच वाचायचा. वीज गेली आणि काटा बॅटरीवर चालू लागला, किंवा दुकान उघडल्या उघडल्या काटा नुकताच लावला असेल, तरी आकडा सरकत राहतो. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा तोलावं.

शंका असेल तर भांडू नका, शिक्क्याचं ५० किंवा १०० ग्रॅमचं वजन ताटलीवर ठेवायला सांगा. तेही नसेल तर घरातलं एखादं भरीव कडं दोन-तीन पेढ्यांवर तोलून पाहा. तिन्हीकडे ०.०५ ग्रॅमच्या आत आकडा जुळला तर काट्यांकडे संशयानं बघायचं कारण उरत नाही.

तिसरी पायरी: ढोबळ वजनातून जे चांदी नाही ते काढा

काट्यावर पडतं ते ढोबळ वजन. त्यातून लाख, राळ, खडे, मणी, दोरा, लोखंडी खिळा, तांब्याची पाठ, सगळं वजा केलं की निव्वळ वजन. वस्तूगणिक चोरखिसे वेगळे असतात.

देवाचे टाक समोरून चांदीचे दिसतात, पण पुष्कळदा ती चांदीच्या पत्र्यावर दाबलेली प्रतिमा असते आणि मागे तांब्याचा पत्रा किंवा राळ असते. टाक उलटा करून बघितला की निम्मा प्रश्न सुटतो. पोकळ मूर्ती आणि समईचा तळ यांत लाख किंवा राळ भरतात, कधी आत लोखंडी सळईही असते. जुन्या वाक्या आणि तोडे जाड दिसतात, पण आतून पोकळ आणि लाखेनं भरलेले असू शकतात. बोटानं टिचकी मारली तर भरीव कडं खणखणतं, लाख भरलेलं ‘ठप्प’ वाजतं. पैंजणांत घुंगरांच्या आतला मळ, मिन्याचा रंग, काचेचे खडे आणि फासा. फाशातली स्प्रिंग पोलादी असते. चुंबक लावून बघा: चांदी चिकटत नाही, चिकटला तो भाग चांदीचा नव्हे. पण चुंबकाला न चिकटलेली वस्तू चांदीची ठरते असं समजू नका. तांबं, पितळ, शिसं, ॲल्युमिनियम, कुणीच चिकटत नाही.

मोडायला नेण्याआधी घुंगरं कोमट पाण्यात रिठा घालून खळखळून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ओला पोकळ दागिना घेऊन गेलात तर वजन जास्त भरतं, पण सराफाच्या ते लगेच लक्षात येतं आणि तो अंदाजानं कापतो तेव्हा पाण्यापेक्षा जास्त कापतो. काळपटपणा मात्र घासून काढत बसू नका. तो चांदीवर बसलेला गंधकाचा थर आहे, त्याचं वजन नगण्य असतं. पॉलिशच्या पावडरीनं घासलं की प्रत्येक वेळी थोडी चांदी फडक्यावर येते. चमक हवीच असेल तर ॲल्युमिनियमच्या कागदावर दागिना ठेवून त्यावर खायचा सोडा आणि कढत पाणी ओतावं. काळेपणा जातो आणि चांदी जागेवर राहते. खडे चिकटवलेल्या दागिन्याला हा उपाय करू नका.

खड्यांचं वजन किती धरायचं यावर नेहमी घासाघीस होते. सरळ उपाय म्हणजे खडे काढून तोलणं. ते शक्य नसेल तर घेतानाच पावतीवर ढोबळ आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं लिहून घ्या. वर्षांनी मोडताना तोच कागद उपयोगी पडतो.

चौथी पायरी: टंच

सगळ्यात जास्त पैसा इथे झिरपतो, म्हणून इथे जरा थांबू.

टंच ७० म्हणजे १०० ग्रॅम मालात ७० ग्रॅम चांदी. उरलेले ३० ग्रॅम बहुधा तांबं, कधी जस्त. हॉलमार्कवर हाच हिशेब हजारात असतो: ९२५ म्हणजे ९२.५ टंच. चोख चांदी ९९९ असते, ती वीट आणि नाण्यांना ठीक. दागिन्याला ती फार मऊ पडते, कडी वाकतात, फासे उघडतात, म्हणून तांब्याचा भेसळ-मेळ मुद्दाम केलेला असतो. कमी टंच ही फसवणूक नव्हे. कमी टंच सांगितला नाही आणि भाव चोखचा लावला, ही फसवणूक. पातळ साखळ्यांचे, भरपूर जोडांचे पैंजण ७० ते ८० टंचाचे असणं बाजारात नेहमीचं आहे, आणि साठीतलाही माल असतो. ‘जर्मन सिल्व्हर’ मध्ये तर चांदी नसतेच, ते तांबं, निकेल आणि जस्त असतं.

हॉलमार्कपासून सुरुवात करा. भारतीय मानक ब्यूरोनं चांदीसाठी ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९ अशा प्रती ठरवल्या आहेत. सोन्याला जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. चांदीला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला. वस्तूवर ब्यूरोचं चिन्ह, प्रत आणि हा क्रमांक असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून वस्तूचा प्रकार आणि शुद्धता जुळते का ते दुकानातच पाहता येतं. नुसता ‘९२५’ चा ठसा मात्र कुणीही मारू शकतं, त्याला हॉलमार्क म्हणत नाहीत. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळण्याची नियमात तरतूद आहे, पण त्यासाठी पक्की पावती हवी.

हॉलमार्क नसलेल्या जुन्या मालासाठी पुढच्या तपासण्या आहेत. प्रत्येकीला मर्यादा आहे आणि ती मर्यादा माहीत असणं आकड्याइतकंच महत्त्वाचं.

कसोटीचा दगड सोन्यासाठी उत्तम, चांदीसाठी मध्यम. दगडावर वस्तूचा कस उमटवून शेजारी माहीत असलेल्या टंचाच्या चांदीचा कस घेतात आणि दोन्हींवर तपासणीचं ॲसिड लावून रंग पडताळतात. डायक्रोमेट घातलेल्या ॲसिडनं चोख चांदीवर रक्तासारखा लाल रंग येतो, टंच उतरला की तो तपकिरीकडे आणि पुढे हिरवटाकडे जातो. सरावलेला डोळा ९० आणि ७० मधला फरक सांगतो, ७८ आणि ७४ मधला सांगू शकत नाही. नुसतं नायट्रिक ॲसिड कानशीनं खरवडलेल्या जागी टाकलं आणि हिरवा फेस आला तर आत तांबं-पितळ आहे. हे घरी करू नका, कातडी आणि डोळे दोन्ही जातात.

यंत्र, ज्याला सराफ्यात कॅरेटोमीटर म्हणतात, क्ष-किरणांनी दागिन्याची पाहणी करून मिनिटाभरात चांदी, तांबं, जस्त यांचे टक्के छापून देतं. आकडा छापील आला की माणूस मान डोलावतो. पण हे यंत्र फक्त वरचा, कागदाइतकाही जाड नसलेला थर वाचतं. चांदीचा मुलामा असेल तर ते मुलामा वाचतं. मुलामा नसलेल्या वस्तूतही फसगत होते: दागिना घडवल्यावर कारागीर तो तापवून आम्लात उजाळतो, तेव्हा पृष्ठभागावरचं तांबं विरघळून जातं आणि वर जवळजवळ चोख चांदीचा पातळ थर उरतो. ७५ टंचाचा दागिना वरून ८५ वाचला जातो तो असा. म्हणून न दिसणाऱ्या जागी कानशीचे दोन हात मारून तिथे तपासायला सांगा, आणि एक नव्हे, तीन ठिकाणी: कडी, घुंगरू आणि जोड. जोडाला लावलेला डाख (सांधायचा धातू) मुद्दाम कमी तापमानाला वितळणारा, म्हणजे कमी चांदीचा असतो. जोड जितके जास्त तितका एकूण टंच खाली. भरीव कड्यात हा प्रश्न जवळपास नसतो, पैंजणात हमखास असतो.

भरीव वस्तूचं खरेखोटेपण घरी तपासायचं तर पाण्यातलं वजन हा सगळ्यात सभ्य मार्ग. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून धडा करा. कड्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, हवेचे बुडबुडे चिकटू द्यायचे नाहीत, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत. काट्यावर येणारा आकडा म्हणजे कड्यानं बाजूला सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. चोख चांदीचं उत्तर १०.४९ येतं, ९२५ चं १०.३६, ८०० चं १०.१४ च्या आसपास. तांबं ८.९६ देतं. समजा कडं १५० ग्रॅमचं आहे. पाण्यातला आकडा १४.४८ आला तर माल ९२५ च्या जवळ, १४.८ आला तर ८०० च्या जवळ, १६.९ आला तर ती चांदी नव्हे. ९२५ आणि ८०० मध्ये १५० ग्रॅमच्या कड्याला फरक जेमतेम ०.३ ग्रॅमचा पडतो, तेव्हा हात थरथरला की निकाल बदलतो. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला ही रीत लागू नाही. शिशाची घनता ११.३४ असल्यामुळे तांबं आणि शिसं मिळून चांदीचा आकडा जुळवूनही आणता येतो. म्हणून या तपासणीत नापास झालेलं नक्की खोटं, पास झालेलं ‘बहुधा खरं’.

शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. वितळवलेल्या चांदीचा नमुना आम्लात विरघळवून, त्यातली चांदी मोजून टंच काढतात. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात. दोन-चारशे ग्रॅमच्या पैंजणांसाठी कुणी तिथवर जात नाही, किलोच्या वर माल असेल तर जावं.

पाचवी पायरी: भाव कोणाचा, कशाचा

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला बोलतात, चांदीचा किलोला. पाटीवरचा भाव ९९९ चांदीचा असतो. विचारायचे प्रश्न दोन: यात जीएसटी धरलाय का, आणि घ्यायचा भाव कोणता, द्यायचा कोणता? दोन्हींत फरक असणारच, पेढी त्यावर चालते.

भाव येतो कुठून? परदेशातला डॉलरमधला औंसाचा दर, डॉलरचा रुपयातला दर आणि आयात शुल्क. १ किलोत ३२.१५ ट्रॉय औंस. समजा औंस ३० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये, तर किलोला सुमारे ८२,००० रुपये, वर शुल्क आणि व्यापाऱ्याचा खर्च. यांपैकी काहीही हललं की पाटीवरचा आकडा हलतो. एमसीएक्स या वायदेबाजारात ३० किलोचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, चालतो, छोटे ५ किलोचे आणि १ किलोचेही आहेत. मोबाईलवर दिसणारा तो वायद्याचा भाव आणि सराफ्यातला हाजर (आत्ताच्या मालाचा) भाव तंतोतंत जुळत नाहीत. वायद्यात जीएसटी नसतो आणि माल पुढच्या तारखेचा असतो. मोबाईल पुढे करून पेढीवर वाद घालणारे यात हमखास तोंडघशी पडतात.

सहावी पायरी: घेतानाचा हिशेब मांडा

आकडे सोपे जावेत म्हणून भाव किलोला १,००,००० धरू, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये. आजचा खरा भाव तुम्ही घाला.

पैंजण ढोबळ १२० ग्रॅम, खडे-मिना ४ ग्रॅम, निव्वळ ११६. टंच ७५. फाईन ११६ × ०.७५ = ८७ ग्रॅम. चांदीची किंमत ८,७०० रुपये.

दुकानदार म्हणतो, ‘दादा, मजुरी काही नाही, फक्त चांदीचा भाव द्या.’ आणि ११६ ग्रॅमला १०० रुपयांनी ११,६०० मांडतो. मजुरी माफ झालेली नाही. ती २,९०० रुपये आहे, चांदीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, फक्त टंचाच्या पोटात लपली आहे. कारागिरीला पैसे पडतातच आणि नाजूक कामाला जास्त पडावेतही. पण ते मजुरी म्हणून समोर दिसले पाहिजेत, तरच दोन दुकानांची तुलना होते. एका दुकानात ‘मजुरी शून्य, टंच ६५’ आणि दुसऱ्यात ‘मजुरी ग्रॅमला १५ रुपये, टंच ९२.५’ असेल तर स्वस्त कोण हे एकूण रकमेवरून कळणार नाही. एकूण रक्कम भागिले फाईन ग्रॅम करा. पहिल्याकडे ११,६०० भागिले ७५.४, म्हणजे फाईन ग्रॅमला सुमारे १५४ रुपये. दुसऱ्याकडे निव्वळ ११६ ग्रॅमची फाईन १०७.३, चांदीचे १०,७३० अधिक मजुरी १,७४०, एकूण १२,४७०, म्हणजे फाईन ग्रॅमला सुमारे ११६. महाग दिसणारा माल स्वस्त निघाला.

जीएसटी धातू आणि मजुरी मिळून होणाऱ्या रकमेवर ३ टक्के. दोन लाखांच्या वर खरेदी गेली तर पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीनं घ्यायला दुकानदाराला मनाई आहे. ‘पावती नको, तीन टक्के वाचव’ म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेणं खानदेशात अजून चालतं. त्या चिठ्ठीवर ढोबळ वजन, निव्वळ वजन, टंच, मजुरी यांतलं काहीही नसतं, तीच वस्तू मोडताना तुमच्या बाजूनं बोलणारा एकही कागद उरत नाही.

सातवी पायरी: मोडताना आटणी डोळ्यांसमोर

मोडीचे दोन मार्ग आहेत. वस्तू बघून अंदाजानं टंच धरायचा, किंवा आटवून, म्हणजे वितळवून, टंच काढायचा. अंदाजात दुकानदार स्वतःची बाजू राखूनच बोलणार, त्यात वावगं नाही. वरच्याच पैंजणांना तो टंच ६५ आणि वर २ टक्के घट धरील: ११६ × ०.६५ = ७५.४, त्यातून घट जाऊन ७३.९ ग्रॅम. खरी फाईन ८७ होती. १३ ग्रॅम अंदाजात गेले. वजन थोडं असेल आणि तिथूनच नवा दागिना घ्यायचा असेल तर हे चालवून घ्यावं लागतं. पाव किलोच्या पुढे माल असेल तर आटणी मागा.

आटणीवाल्याकडे रीत अशी. खडे, लाख, लोखंड काढून माल तोला आणि वजन लिहा. मूस (वितळवायचं भांडं) रिकामी आहे का बघा, आधीच्या गिऱ्हाईकाची चांदी तळाला चिकटलेली असेल तर ती तुमच्यात मिसळते, किंवा तुमची पुढच्यासाठी उरते. माल मुशीत गेला की टाकणखार घालतात. तो मळ आणि गंजलेलं तांबं ओढून घेतो आणि वर काचेसारखी मळी धरतो. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं मिसळलेली त्याआधीच. वितळलेली चोख चांदी हवेतला प्राणवायू शोषते आणि थिजताना तो बाहेर फेकते, तेव्हा बारीक थेंब उडतात. जाणता आटणीवाला वर कोळशाचा चुरा टाकतो. पैंजणांचा जुना डाख जळताना धूर येतो, त्यात जस्त असतं, काही डाखांत कॅडमियमही असतं आणि ते विषारी. चार पावलं लांब उभे राहा, पण नजर ठेवा.

लगडी (थिजलेल्या चांदीचा तुकडा) थंड झाली की मळी ठोकून काढून पुन्हा तोला. स्वच्छ, भरीव चांदीत घट एक टक्क्याच्या आत राहते. मळकट घुंगरांत आणि जोडांच्या मालात त्याहून जास्त येते आणि ते खरंच असतं. घट फारच जास्त आली तर मळी कुटून बघायला सांगा, त्यात चांदीचे मणी अडकलेले असतात. आटणीच्या जागेची राख आणि केर झारेकरी (राखेतून धातू वेचणारे) पैसे देऊन उगाच नेत नाहीत.

टंचासाठी लगडीच्या वरून आणि खालून असे दोन ठिकाणचे नमुने घ्यायचे, कारण थिजताना धातू सगळीकडे सारखा मिसळलेला राहीलच असं नाही. नमुन्याची छिलपं तोलून तुमच्याच वजनात धरायची. मग लगडीचं वजन गुणिले टंच, झाली फाईन. त्यातून दुसरी घट कापायची नाही. घट आटणीत एकदा जाऊन चुकली आहे, पुन्हा ‘दोन टक्के घट’ लावली तर ती दुबार आहे, हे तिथल्या तिथे सांगा.

घरात राणीछाप रुपये असतील तर

ते दागिन्यांच्या ढिगात घालू नका. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची १९३९ पर्यंतची नाणी ९१.७ टंचाची, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे रुपयामागे फाईन सुमारे १०.७ ग्रॅम. हात फिरून झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं. १९४० ते १९४५ च्या रुपयांचं वजन तेवढंच, पण चांदी निम्मी, फाईन ५.८ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाही. सगळे एकत्र तोलून एकच टंच लावला तर कुणाचं तरी नुकसान ठरलेलं, म्हणून साल बघून तीन ढीग करा आणि वेगवेगळे तोला.

पूजेसाठी सराफ्यात मिळणारी राणीछाप नक्कल वेगळी ठेवा. तिच्यावर साल जुनं असतं, वजन बहुधा दहा ग्रॅम आणि टंच बनवणाऱ्याच्या मर्जीचा.

ढीग करताना १९११ आणि १९३९ ही सालं दिसली तर ती नाणी बाजूला काढा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. १९३९ चा रुपया मुळात दुर्मीळ आहे. या दोन्ही सालांच्या नाण्यांना संग्राहक चांदीच्या भावाहून जास्त देतात. ती साबण-पावडर न लावता, न घासता, आहेत तशीच नाणी ओळखणाऱ्याला दाखवा. घासलेल्या नाण्याला संग्राहक चांदीचाच भाव देतो.